बाटलीवरचा त्रिकोण

कीटकनाशक किती विषारी आहे, हे प्रयोगशाळेत ठरतं आणि बाटलीवर छापलं जातं. पण २०१७ साली यवतमाळच्या कपाशीत जे घडलं, त्याचा अंदाज कुठल्याच बाटलीवर छापलेला नव्हता. कायद्याच्या कागदावरचं शेत आणि खरं शेत यांच्यामधल्या अंतराची ही हकीकत.

बंगळूरच्या मेट्रोची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. आर. व्ही. रोडहून निघालेली गाडी सिल्क बोर्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकत जिथे अखेरची थांबते, ते बोम्मसंद्रा. आनेकल तालुक्यातलं, होसूर रस्त्यावरचं हे मूळचं खेडं. नावातला ‘संद्रा’ म्हणजे खरं तर ‘समुद्र’. जुन्या काळी इकडे मोठ्या तळ्याला समुद्रच म्हणत. आज तळ्यापेक्षा कारखाने जास्त. औद्योगिक वसाहत, डॉ. देवी शेट्टींचं नारायण हृदयालय, किरण मजुमदार-शॉ यांची बायोकॉन, आणि या सगळ्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या सदनिकांच्या रांगा. नोकरीनिमित्त पुण्याकडून, कोल्हापूर-बेळगावकडून आलेली मराठी माणसंही त्यात आहेत. संध्याकाळी पाळी सुटली, की रस्त्याकडेच्या हातगाड्यांवर झुंबड उडते. होसूर, मालूर, कोलारकडून आलेला टोमॅटो, घेवडा, कोबी, कोथिंबीर. ‘ताजी आहे ना?’ एवढंच विचारायचं आणि पिशवी भरायची.

याच बोम्मसंद्र्याहून जिगणीकडे जाणाऱ्या जोडरस्त्यावर बायोकॉनचं आवार आहे. तिथे सिन्जीन ही त्यांचीच कंपनी जगभरच्या कंपन्यांसाठी संशोधनाचं काम करते. गिऱ्हाइकांत माणसांची औषधं बनवणारे आहेत, तसे शेतीची रसायनं बनवणारेही आहेत. असं काम करणाऱ्या प्रयोगशाळा बंगळुरात इतरत्रही आहेत. अशा ठिकाणी रसायनाचा एक चमचाभर नमुना हाताळायचा, तरी अंगात डगला, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि वाफ ओढून घेणारी काचपेटी लागते. नियमच आहे तसा, आणि तो पाळलाही जातो.

तेच रसायन बाटलीत बंद होऊन शेतात पोहोचलं, की त्याचं नाव बदलतं. मराठी शेतकरी त्याला ‘औषध’ म्हणतो. ‘कपाशीवर औषध मारलं’, ‘औषधाचा पंप’. कन्नड शेतकरीही ‘औषधी’च ‘मारतो’. दोन्ही भाषांनी विषाला औषध म्हणावं हा काही निव्वळ योगायोग नव्हे. पिकाला रोग पडतो, मग त्याला औषध द्यायचं, असा साधा हिशेब. फक्त माणसाच्या औषधाची चिठ्ठी डॉक्टर लिहितो आणि या औषधाची चिठ्ठी बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार देतो. तीही तोंडी.

कागदावरचं शेत

भारतात कुठलंही कीटकनाशक विकायचं, तर फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीकडे त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी कंपनीला भलंथोरलं बाड सादर करावं लागतं. रसायन कोणतं, कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, एकरी किती, मातीत आणि पाण्यात ते किती दिवस टिकतं, मासे, मधमाश्या, पक्षी यांच्यावर काय परिणाम होतो, पोटात गेलं तर काय, कातडीला लागलं तर काय, श्वासातून गेलं तर काय. या चाचण्या कशा करायच्या याची आंतरराष्ट्रीय शिस्त आहे. २०११ साली ओईसीडी या संघटनेने भारताच्या या व्यवस्थेला पूर्ण मान्यता दिली. म्हणजे आपल्याकडच्या प्रमाणित प्रयोगशाळेत केलेली चाचणी आता युरोप-अमेरिकेतही ग्राह्य धरली जाते. ही काही लहानसहान गोष्ट नाही.

या सगळ्या बाडातून शेतकऱ्याच्या हाती येतो तो एक चौकोन. बाटलीवरच्या या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण असतो. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतील एवढी मात्रा, वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम, यावरून त्याचा रंग ठरतो. तोंडावाटे गेलेल्या विषाचं हे माप ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याहून जास्त असेल तर हिरवा. म्हणजे जितकं थोडं विष पुरतं, तितका रंग तांबडा. शहरी गिऱ्हाइकाला हिरव्या रंगाची वेगळीच सवय. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे ‘शाकाहारी, खुशाल खा’. बाटलीवरच्या हिरव्या त्रिकोणाचा अर्थ मात्र ‘सावधान’ असा आहे.

या त्रिकोणात एक मेख आहे. त्याचा रंग ठरवताना विष तोंडावाटे आणि कातडीवाटे गेलं तर किती घातक, एवढंच धरलेलं आहे. श्वासातून गेलेल्या तुषारांचा हिशेब नोंदणीच्या बाडात असतो, त्रिकोणाच्या रंगात नसतो. सलग आठ-दहा दिवस रोज सहा-सात तास तेच तुषार अंगावर घेणाऱ्या माणसाचाही नसतो.

शिवाय हे सारं बाड एक विशिष्ट शेत गृहीत धरतं. त्या शेतात फवारणाऱ्याच्या हातात मोजे आहेत, तोंडाला मास्क आहे, पायात बूट आहेत. पीक कमरेच्या खाली आहे. पंपात एकच रसायन आहे, तेही मोजून घेतलेलं. वाऱ्याची दिशा पाहिलेली आहे. बाटलीसोबतचं पत्रक त्याने वाचलेलं आहे, अक्षरं मुंगीएवढी असली तरी. आणि काही बरंवाईट झालंच, तर जवळच्या दवाखान्यात पत्रकात लिहिलेला उतारा तयार आहे.

यवतमाळ, २०१७

यातलं एकेक गृहीत एकाच हंगामात कसं ढासळतं, ते यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या पावसाळ्यात दाखवून दिलं.

यवतमाळ म्हणजे कपाशीचा जिल्हा. बीटी कापूस भारतात २००२ साली आला, त्याची दुसरी पिढी २००६ मध्ये. बोंडअळीला मारणारं विष झाडातच असल्यामुळे फवारण्या कमी होतील, असं आश्वासन होतं आणि सुरुवातीची काही वर्षं ते खरंही ठरलं. पुढे गुलाबी बोंडअळीला ते विष पचू लागलं. २०१७ पर्यंत ती महाराष्ट्रभर कपाशीची बोंडं पोखरू लागली होती. त्यात पांढरी माशी आणि तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडी होत्याच. त्यांच्यावर बीटीचा काही इलाज चालत नाही. हाताशी आलेलं पीक जाणार, या धास्तीने शेतकऱ्यांनी पंप उचलले.

त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती. अनेक शेतांत पाच-सहा फुटांच्या वर गेली होती आणि दाटही होती. एरवी फवारणारा नोझल खाली धरून चालतो, तुषार गुडघ्या-मांडीवर पडतात. इथे नोझल खांद्याच्या वर धरावं लागलं. तुषार तोंडावर, डोळ्यांत, नाकात. हवा दमट, ढगाळ. कपाशीच्या दोन ओळींमध्ये वारा नाही. फवारलेलं औषध तिथेच तरंगत राहायचं आणि माणूस त्यातूनच पुढे सरकायचा. अंगात घामाने भिजलेला सदरा. कापड एकदा औषधाने भिजलं, की ते दिवसभर कातडीला चिकटून राहतं. त्याच सुमारास चार्जिंगचे पंप स्वस्तात मिळू लागले होते. हाताने दांडा मारायच्या जुन्या पंपापेक्षा त्यांचे तुषार बारीक, काम झपाट्याने. पंधरा-सोळा लिटरच्या टाक्या एका दिवसात कितीतरी जास्त रिकाम्या होऊ लागल्या. काम जितकं जलद, तितकं विष अंगावर अधिक.

आणि टाकीत एकच रसायन नव्हतं. एका फवारणीत अळीही मरावी, माशीही मरावी, झाडही हिरवंगार व्हावं, म्हणून दोन-तीन कीटकनाशकं, त्यात एखादं वाढीचं टॉनिक, वर विद्राव्य खत, असं मिश्रण करायची पद्धत पडून गेली होती. मजुरी वाचते, वेळ वाचतो. फरिदाबादला प्रत्येक बाटलीचं बाड वेगळं असतं. शेतातल्या बादलीत काठीने ढवळलेल्या या काल्याचं बाड कुणाकडेच नव्हतं.

ऑगस्टपासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्ण येऊ लागले. उलट्या, छातीत दाटणं, घाम, दिसेनासं होणं, बेशुद्धी. काही जण इतके बेभान, की खाटेला बांधून ठेवावं लागलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकडा शेकड्यांवर गेला. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. यांनी विष घेतलं नव्हतं. एरवी विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मृत्यूची बातमी आली की लोक आत्महत्या समजून पान उलटतात. ही माणसं कामावर गेली होती.

डॉक्टरांपुढचा पेच वेगळाच होता. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकं शरीरातल्या कोलिनेस्टेरेज नावाच्या विकराला निकामी करतात. मज्जातंतूंचा निरोप थांबवण्याचं काम या विकराकडे असतं. ते बंद पडलं, की लाळ, अश्रू, घाम अनावर होतात, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. याला ॲट्रोपिन हा उतारा आहे. अनेक दशकं ग्रामीण डॉक्टर तो वापरत आले आहेत. परंतु नव्या पिढीतल्या रसायनांची तऱ्हा निराळी. डायफेन्थियुरॉनसारखं रसायन कोलिनेस्टेरेजच्या वाटेलाच जात नाही, ते पेशींना शक्ती पुरवणारी यंत्रणा बंद पाडतं. त्याला खास असा उतारा नाही. लक्षणांवर उपचार करत राहायचे. रुग्णाच्या पोटात, फुप्फुसात नेमकं काय गेलंय, हे रुग्णालाही धड सांगता येत नव्हतं, कारण पंपात तीन बाटल्या ओतलेल्या. रक्तातलं कोलिनेस्टेरेज मोजलं, तर निदान हा प्रकार पहिला की दुसरा एवढं कळतं. ती तपासणीची सोयही त्या वेळी यवतमाळच्या रुग्णालयात नव्हती. देशातल्या मोठ्या कापूसपट्ट्यांपैकी एकाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ही स्थिती असावी, याला काय म्हणायचं?

ऑक्टोबरमध्ये सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर झाली. काही दुकानदारांवर गुन्हे दाखल झाले, गोदामांवर छापे पडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका आली. मास्क आणि मोजे गावोगाव वाटले गेले. दमट उकाड्यात प्लास्टिकचा डगला घालून दोन तास कपाशीत चालून पाहिलं, की ते मास्क बांधावर का पडून राहतात याचं उत्तर मिळतं. थंड मुलुखासाठी शिवलेला पोशाख विदर्भात चालत नाही, आणि विदर्भात चालेल असा पोशाख स्वस्तात उपलब्ध करून देणं हे काम कुणीच आपलं मानलं नाही.

साठ दिवसांची बंदी

नोव्हेंबर २०१७ च्या सुरुवातीला राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. मुदत साठ दिवस. वाचणाऱ्याला वाटेल, इतकी माणसं गेल्यावर साठच दिवस? पण राज्याच्या हाती तेवढंच होतं.

हा कायदा कसा जन्मला, ते आज फारसं कुणाला आठवत नाही. १९५८ साली केरळात फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडून दूषित झालेलं धान्य-पीठ लोकांच्या पोटात गेलं आणि शंभरावर माणसं दगावली. विष आणि अन्न एकत्र वाहून नेलं गेलं होतं. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली, पुढे विचारविनिमय होत होत १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला, १९७१ मध्ये नियम आले. म्हणजे कायद्याच्या मुळाशी चिंता होती ती भेसळीची, साठवणुकीची, वाहतुकीची. फवारणारा माणूस त्यात आहे, परंतु कोपऱ्यात.

या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानुसार एखादं कीटकनाशक माणसांना घातक ठरतंय असं दिसलं, तर राज्य सरकार चौकशी होईपर्यंत ते साठ दिवस बंद ठेवू शकतं. चौकशी अपुरी राहिली तर आणखी जास्तीत जास्त तीस दिवस. कायमचा निर्णय केंद्राचा. शेती हा राज्यघटनेप्रमाणे राज्याचा विषय, किडींपासून पिकांचं रक्षण हाही राज्याचा विषय, पण किडी मारायच्या विषावर राज्याचा अधिकार नव्वद दिवसांपुरता! नोव्हेंबरातली ती बंदी जानेवारीत संपणार होती. त्या काळात शेतात फवारणी नसते, कापूस वेचणी असते.

कर्नाटकानेही हे अनुभवलं आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फानची फवारणी झाली. मतिमंद, अपंग मुलांच्या पिढ्या त्या गावांत वाढल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये कर्नाटकाने एंडोसल्फानवर याच कलमाखाली साठ दिवसांची बंदी आणली. ती मुदत संपल्यावर पुढे काय, असा प्रश्न होता. तो सुटला सर्वोच्च न्यायालयात. १३ मे २०११ रोजी न्यायालयाने देशभर या रसायनाचं उत्पादन आणि विक्री थांबवली.

केंद्राचं घड्याळ किती सावकाश चालतं, याचं एक उदाहरण पुरे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो कार्बारिल नावाचं कीटकनाशक बनवण्यासाठी साठवलेला होता. कार्बारिलवर भारतात बंदी आली २०१८ साली. चौतीस वर्षांनी! परदेशात बंद असलेल्या सहासष्ट कीटकनाशकांचा फेरविचार करायला २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा समिती नेमली होती, तिच्या अहवालानंतर २०१८ च्या आदेशात एकदम बारा रसायनं बंद झाली आणि आणखी सहा २०२० अखेर जाणार असं ठरलं, त्यात हे कार्बारिल होतं. त्या सहांमध्ये डायक्लोरव्हॉस होतं, जे एके काळी ढेकूण-झुरळांसाठी लोक सर्रास घरात फवारत.

मोनोक्रोटोफॉसची कथा अशीच. लाल त्रिकोणाचं हे विष भाज्यांवर वापरू नये असं विसाव्या शतकानंतर काही वर्षांतच ठरलं होतं. पण कपाशीसाठी विकत घेतलेली बाटली बांधापलीकडच्या वांग्यावर रिकामी होणार नाही, हे कोण पाहणार? जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात हेच विष मिसळलं गेलं आणि तेवीस मुलं गेली. तरीही त्याचं ३६ टक्क्यांचं द्रावण, म्हणजे बाजारात सर्वांत खपणारा प्रकार, बंद करण्याची अधिसूचना निघायला २०२३ उजाडावं लागलं. तिथेही उरलेला साठा संपवायला वर्षभराची सवलत.

आणि शिक्षा? भेसळीच्या किंवा खोट्या लेबलाच्या पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा ते पन्नास हजार रुपये दंड. विषबाधा झालेल्या माणसाला भरपाई मिळावी, अशी तरतूद १९६८ च्या कायद्यात नाहीच. नवा कायदा आणण्यासाठी २००८ मध्ये एक विधेयक आलं, २०२० मध्ये दुसरं राज्यसभेत मांडलं गेलं. दोन्हींचा कायदा झाला नाही.

द्राक्षांना जे जमलं

मग आपल्याकडे हे जमतच नाही की काय? जमतं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा.

२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश जास्त सापडले आणि युरोपचा बाजार हातचा जातो की काय, अशी वेळ आली. त्यानंतर अपेडा आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून तपासणीची शिस्त बसवली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, कोणतं औषध चालेल, किती आणि तोडणीच्या किती दिवस आधीपर्यंत, याची यादी, तोडणीपूर्वी बागेतून नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि मगच पेटी जहाजात. २००६ च्या सुमारास हे सगळं ‘ग्रेपनेट’ या संगणकीय जाळ्यात आलं. हॅम्बुर्गच्या दुकानातल्या पेटीवरून तासगावची नेमकी बाग शोधता येते.

ही व्यवस्थाही एकदा तोंडावर आपटली. २०१० मध्ये लिहोसिन या नावाने मिळणाऱ्या, वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचे अंश युरोपात सापडले. तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. कंटेनर अडकले, बागायतदार कर्जात बुडाले. पुढच्या हंगामात ते यादीत आलं. चूक झाली, ती सापडली, दुरुस्त झाली. नियमन म्हणतात ते याला.

फरक इतकाच, की द्राक्षाच्या पेटीमागे नाक मुरडणारं गिऱ्हाईक उभं होतं. बोम्मसंद्र्याच्या हातगाडीवरल्या घेवड्याला बागेचा नोंदणी क्रमांक नसतो, तसा पुण्याच्या मंडईतल्या मेथीलाही नसतो. देशी बाजारासाठी अंशांच्या मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरण ठरवतं आणि २००५-०६ पासून केंद्राची देशव्यापी तपासणी योजनाही आहे. तिच्यात मर्यादा ओलांडणारे नमुने थोडेच निघतात, हे खरं. घाबरून भाजी सोडण्याचं कारण नाही. मात्र त्या पिकासाठी ज्यांची नोंदणीच नाही अशी रसायनं भाज्यांत आढळतात, आणि अहवाल येईपर्यंत ती भाजी जेवून हात धुऊन झालेले असतात.

२००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश दाखवले, तेव्हा देश खडबडून जागा झाला होता. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. स्वातंत्र्यानंतर मोजक्याच विषयांवर अशा समित्या नेमल्या गेल्या. शहरातल्या मुलांच्या कोल्ड्रिंकसाठी संसदेची समिती आणि यवतमाळच्या मजुरांसाठी विभागीय आयुक्तांचं पथक, ही तुलना कडवट आहे, परंतु टाळता येत नाही.

घरात काय करता येईल? भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली, तर पृष्ठभागावर बसलेल्या स्पर्शजन्य औषधाचा बराच भाग निघून जातो. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाकावीत, साल काढता येत असेल तर काढावी. शिजवण्याने आणखी काही कमी होतं. अंतरप्रवाही औषधं मात्र मुळांतून वा पानांतून झाडाच्या रसात शिरलेली असतात. ती धुऊन जात नाहीत. त्यांच्यावर इलाज एकच, शेवटच्या फवारणीनंतर ठरलेले दिवस थांबूनच तोडणी करणं. तो इलाज स्वयंपाकघरात नसतो, शेतात असतो, आणि बाजारभाव चढा असला की शेतकऱ्याला थांबवत नाही.

गावाकडे ज्यांचं घर आहे, त्यांनी आणखी काही गोष्टी सांगून ठेवाव्यात. फवारताना चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं सुरू झालं, तर पंप तिथेच उतरवायचा. अंगावरचे कपडे काढून साबणाच्या पाण्याने अंग धुवायचं. ‘थोडं पडून राहतो, बरं वाटेल’ यात वेळ घालवायचा नाही, १०८ ला फोन करायचा. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात नंबर हाच आहे. दवाखान्यात जाताना बाटल्या सोबत न्यायच्या, टाकीत जितक्या ओतल्या तितक्या सगळ्या. रिकाम्या बाटल्या भोक पाडून निकामी करायच्या, रॉकेल-तेल भरायला ठेवायच्या नाहीत.

बासेलचा दावा आणि सातबारा

यवतमाळच्या प्रकरणाचा एक धागा थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेला. डायफेन्थियुरॉन ‘पोलो’ या नावाने विकणाऱ्या सिन्जेंटा कंपनीचं मुख्यालय बासेल शहरात आहे. खुद्द स्वित्झर्लंडमध्ये आणि युरोपीय संघात हे रसायन वापरायला परवानगी नाही. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ शेतकरी कुटुंबांच्या वतीने काही भारतीय आणि युरोपीय संघटनांनी स्विस सरकारच्या यंत्रणेकडे तक्रार केली. शिवाय पतीला गमावलेल्या दोन महिला आणि बचावलेला एक शेतकरी यांनी बासेलमध्ये भरपाईचा वेगळा दावा लावला. आपल्या उत्पादनामुळे हे घडलं, हा आरोप कंपनीने फेटाळला. टाकीत तीन बाटल्या असताना मृत्यू कुठल्या बाटलीने झाला, हे सिद्ध करणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्विस सरकारने डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉससह पाच कीटकनाशकांची निर्यात १ जानेवारी २०२१ पासून बंद करायचं ठरवलं.

इकडे महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी अपघात साहाय्याची योजना आहे. जंतुनाशकं हाताळताना झालेली विषबाधा हा त्या योजनेत मान्य असलेला अपघात आहे आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. अर्जासोबत पहिला कागद लागतो तो सातबाराचा. खातेदार आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती यांना योजना लागू होते. कपाशीत रोजाने फवारणी करणारे अनेक जण भूमिहीन असतात. आज या शेतात, उद्या त्या शेतात, पंपही मालकाचा, बाटलीही मालकाने आणलेली. विषबाधेची प्रत्येक घटना सरकारला कळवणं बंधनकारक करण्याचा अधिकार कीटकनाशक कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने राज्यांना दिलेला आहे. या मजुराची नोंद मात्र तो दवाखान्यात पोहोचला तरच होते, आणि तीही औषधाच्या नावाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहून.